आखाजी ते रथ : बोरीकाठच्या एका वहीमंडळाच्या उन्हाळी बैठका

वही, म्हणजे आपल्या खान्देशात कानबाई देवीपुढे रात्री म्हणतात ती पदं, नुसती ऐकून ज्यांचं भागत नाही, मागे बसून झील धरावीशी, म्हणजे गाणाऱ्याची ओळ उचलावीशी वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. लहानपणी कानबाईच्या रात्री आजोबांच्या मांडीवर झोपलेली, पुढे शिक्षण-नोकरीपायी गाव सुटलेली, आणि आता चाळिशी ओलांडल्यावर तेच सूर पुन्हा कानात घुमायला लागलेली. मी त्यातलीच. जळगावला एका पतसंस्थेत कॅशियर आहे, माहेर अमळनेर तालुक्यातलं. शहरात भजनी मंडळं आहेत, हार्मोनियमचे क्लास आहेत, जुन्या हिंदी गाण्यांचे कराओके ग्रुप तर गल्लोगल्ली झालेत. वही शिकायला जायचं कुठे, याचं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. मला ते माहेराजवळच्याच एका खेड्यात, मारुतीच्या पारावर मिळालं.

मंडळाचं आणि गावाचं नाव मी देत नाहीये, कारण मंडळातल्या आप्पांनी तसं सांगितलंय. पारावर पस्तीस-चाळीस माणसं मावतात. त्याहून जास्त आली की बघे पुढे सरकतात आणि शिकणारा मागे ढकलला जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. अमळनेर-पारोळा भागात ज्यांचं सासर, माहेर किंवा मामाचं गाव असेल त्यांनी एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं तरी तो अशा एक-दोन मंडळांची नावं सांगेल. मी लिहितेय ते एका मंडळाबद्दल, पण कुठल्याही मंडळात जाऊन काय पाहावं, काय विचारावं, हे त्यावरून कळेल.

बैठका उन्हाळ्यातच का, तर त्याचं गणित शेतीचं आहे. आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं आखाजीला ठरतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, गहू-हरभरा घरात आलेला असतो, आणि ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची बागायती कपाशी लागायला अजून अवकाश असतो. वर्षात हेच काय ते दिवस, जेव्हा शेतकरी आणि सालदार दोघेही रात्री जागू शकतात. पुढे श्रावणात कानबाई बसते. तेव्हा घरोघरी वही म्हणायला बोलावणं येतं, आणि त्या वेळी नव्या पोराला शिकवत बसायला कुणालाही सवड नसते. म्हणून आखाजी झाली की दुसऱ्या रात्री पहिली बैठक आणि अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या रथाच्या आदल्या रात्री शेवटची, असा मंडळाचा शिरस्ता आहे. हौशी माणसाने येऊन बसायचं ते याच दिवसांत.

रात्री साडेनऊच्या आसपास माणसं जमायला लागतात. खरी सुरुवात दहाला. बारा-साडेबारापर्यंत रीतसर चालतं, त्यानंतर ज्याला झोप येत नाही तो बसतो. आप्पा मुख्य गाणारे. सत्तरी पार केलेली, आवाज पातळ झालाय पण शब्द एकही गिळत नाहीत. त्यांच्या डाव्या हाताला ढोलकीवर जिभाऊ. समोर डफवाले दोघं, टाळ तीन-चार जणांकडे, आणि मागे अर्धगोल करून झीलकरी. हार्मोनियम नाही. माईक तर नाहीच, आणि या बैठकीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. माईक नसला की मागच्याला पुढच्याचं ऐकावंच लागतं.

शिकवण्याची पद्धत सांगते, कारण या जागेचं मोल तिथेच आहे. नवा माणूस आला की त्याला सगळ्यात मागे, पाराच्या कठड्याला टेकून बसवतात. सुरुवातीला तोंड उघडायचं नाही. मी पहिल्याच रात्री हौसेने सूर लावला तेव्हा आप्पांनी गाणं न थांबवता नुसती बोटाने खूण केली. मग पद संपल्यावर म्हणाले, "पहिले आयक, मंग म्हन." बस्स, एवढीच सूचना. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फक्त शेवटचे दोन शब्द धरायला सांगतात. गाणारा ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात, हे आपल्या सगळ्यांना बाहेरून माहीत असतं. आत बसल्यावर कळतं की ओळ संपल्यावर उचलायचीच नसते. गाणाऱ्याचा शेवटचा स्वर अजून हवेत असतो, तेव्हाच झील त्याच्या खाली शिरते. मध्ये श्वासाएवढी जरी फट पडली तरी ढोलकीचा जोर पोकळीत पडतो आणि गाणाऱ्याला पुढची ओळ नव्याने उभी करावी लागते. नवशिक्याची झील नेहमी उशिरा येते, कारण तो ओळ पूर्ण व्हायची वाट पाहतो.

ही फट घालवायला आप्पांची एक युक्ती आहे. ते शिकणाऱ्याला आपल्या शेजारी बसवतात आणि त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवतात. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी गुडघा दाबतात. दाबला की श्वास घ्यायचा, सोडला की सूर लावायचा. तोंडाने काही सांगत नाहीत, कारण तोंड गाण्यात गुंतलेलं असतं. माझ्या शेजारी पाचोऱ्याचा एक इंजिनियर मुलगा होता, पुण्याहून सुट्टी काढून आलेला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, पण झील काही केल्या वेळेवर येईना. त्या हाताखाली तो दोन रात्रींत सुधारला. मग एका रात्री आप्पांनी हात काढून घेतला आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो बरोबर उचलत राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी "भले!" म्हणालं. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हे मोठं, असं मी मनापासून मानते.

वाद्यांसाठी येणाऱ्यांना उन्हाळा अजून एका कारणाने सोयीचा आहे. श्रावणात हवेतल्या ओलीने डफाचं कातडं सैल पडतं, एक पद झालं की तो शेकोटीवर धरावा लागतो, आणि नवशिक्याचा निम्मा वेळ डफ शेकण्यातच जातो. वैशाखात ती कटकट नाही. उलट आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, त्यामुळे कातडं इतकं ताणतं की ढोलकीचा स्वर दिवसागणिक वर सरकतो. जिभाऊ ढोलकी दिवसभर गोधडीत गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाच्या बाजूला ठेवतात. पारावर आणल्यावर लगेच वाजवत नाहीत. गोधडी सोडून अर्धा तास नुसती मांडीवर घेऊन बसतात, मग शाईच्या (काळ्या लेपाच्या) बाजूवर एक बोट मारून ऐकतात, कड्या सरकवतात, पुन्हा ऐकतात. त्यांच्याकडे ट्यूनर नाही. आप्पांनी हळू आवाजात "हं" केलं की त्या सुराला ढोलकी आणायची. म्हणजे वाद्य गाणाऱ्याकडे जातं, गाणारा वाद्याकडे नाही. ज्या रात्री आप्पांचा घसा बसलेला होता, त्या रात्री जिभाऊंनी ढोलकी मुद्दाम खाली आणली आणि सगळी बैठक खालच्या सुरात झाली. इतकी सुंदर वही मी क्वचित ऐकलीय.

हे मी इतकं खोलात का सांगते, कारण त्याआधी मी शहरातल्या एका लोकसंगीत कार्यशाळेला पैसे भरून गेले होते. नाव देत नाही. एसी हॉल, दोन हजार रुपये फी, गळ्यात लटकवायचं ओळखपत्र, जेवणाला पनीर. गाणी झेरॉक्स करून वाटली. साथीला कीबोर्ड आणि त्यावर आधीच भरून ठेवलेला ताल. कीबोर्ड एका पट्टीत बसलेला, तो कुणासाठी हलेना. उंच आवाजाची माणसं तेवढी गाऊ शकली, बाकीची ओढत राहिली. झील काय असते हे तिथे कुणी उच्चारलंसुद्धा नाही, सगळ्यांनी पहिल्या ओळीपासून एकसाथ गायचं. शेवटच्या दिवशी फेटे बांधून स्टेजवर फोटो झाले. शिकवणारे वाईट नव्हते, मेहनत घेत होते. पण त्या पद्धतीने वही येणं शक्यच नाही, कारण वहीत एकाने दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष द्यायचं असतं आणि भरून ठेवलेला ताल कुणाचा श्वास ऐकत नाही. ज्यांना मुलांना नुसती तोंडओळख करून द्यायची आहे त्यांनी खुशाल तसल्या शिबिरात घालावं. स्वतःला शिकायचं असेल तर पारावर जा.

आता बायकांसाठी. खान्देशातला उन्हाळा गाण्याच्या बाबतीत खरं तर बायकांचा आहे. चैत्रात गौराई बसते, टोपलीत गहू पेरला जातो, आणि आखाजीला तिची बोळवण. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात. सांजोऱ्या, आमरस, खापरावरचे मांडे यांवर सगळे लिहितात. झोक्यावरच्या गाण्याची बांधणी मात्र फार कमी लोक कान देऊन ऐकतात. तिथे वाद्य नसतं, लय झोका देतो. उंच फांदीला लांब दोर बांधलेला असेल तर झोका सावकाश येतो-जातो आणि गाणं संथ होतं. अंगणातल्या बुटक्या झाडावर आखूड दोर असेल तर तेच गाणं भरभर म्हणावं लागतं, शब्द दुमडावे लागतात. मुऱ्हाळी (बहिणीला माहेरी न्यायला) उशिरा आलेल्या भावाचं गाणं मी लांब दोराच्या झोक्यावर ऐकलंय आणि आखूड दोराच्याही. पहिल्यात ती वाट पाहतेय असं वाटतं, दुसऱ्यात ती भांडतेय असं वाटतं. शब्द एकही बदललेला नव्हता.

या गावात आखाजीच्या दोन्ही दिवशी दुपारी चारनंतर जुन्या निंबाखाली बायका जमतात. कुणीही जाऊन बसावं, कुणी अडवत नाही. पाहुणीला एक झोका मिळतोच, आणि झोक्यावर बसलं की गाणं म्हणावं लागतं, सुटका नाही. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या जिजी, गावातल्या सगळ्यांच्याच जिजी, यांना किती गाणी येतात याची मोजदाद कुणी केलेली नाही. त्या एकटीने गायला सांगितलं तर गात नाहीत. समोर झील धरणारी हवी. इथेही तोच नियम.

रात्रीच्या बैठकीत मात्र बायकांची अडचण आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. पारावर पूर्वापार पुरुषच बसतात. बाई आली तर तिला आदराने खुर्ची देतात, चहा देतात, आणि ऐकायला बसवतात. झील धरायची म्हटलं की एकमेकांकडे बघतात. माझं काम जिजींमुळे झालं. त्या स्वतः येऊन पाराच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माय, आठे बठ मन्हाजोडे" (इथे बस, माझ्याजवळ). त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आप्पांना मी स्पष्ट सांगितलंय की पुढल्या खेपेला बायकांची एक रांग आधीच धरून ठेवा, कारण प्रत्येकीला जिजी मिळेलच असं नाही. ते "बरं" म्हणालेत. पुढच्या वर्षी जाणाऱ्या बायकांनी दोघी-तिघी मिळून जावं आणि पहिल्याच रात्री आप्पांना सांगावं की आम्ही म्हणायला आलोय.

बाकीच्या उणिवा साध्या आहेत. पारावर एकच दिवा, त्याच्याभोवती किडे. डास फार, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. संडासाची सोय कुणाच्या तरी घरी विचारून करावी लागते. राहायचं तर ओळखीचं घर पाहा, नाहीतर अमळनेरला मुक्काम करून स्वतःच्या गाडीने या-जा करा. अमळनेर सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, त्यामुळे जळगाव किंवा नंदुरबारकडून येणाऱ्यांना रेल्वेने तिथवर पोचणं सोपं. पुढचं अंतर मात्र रात्री एसटीच्या भरवशावर ठेवू नका. आणि लग्नसराईचे दिवस असल्याने एखाद्या रात्री शेजारच्या गल्लीत डीजे लागतो, त्या रात्री बैठक चक्क बंद ठेवतात. चढाओढ करायची नाही, असं ठरलेलंच आहे. मला आधी वाईट वाटलं, मग त्याच रात्री जिभाऊंच्या ओट्यावर बसून डफ कसा धरायचा ते दोघा-तिघांना शिकायला मिळालं.

जेवणाची काळजी करू नका. पाहुण्याला कुणी ना कुणी घरी नेतंच, कळण्याची भाकरी आणि ठेचा ठरलेला. दिवसा गच्च्यांवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत असतात. सकाळी जिच्या घरी असाल तिला ते घालू लागा. घाटा हलवता हलवता बायका जे गुणगुणतात ते कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळत नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड करू देतात, पण ते इंटरनेटवर टाकायचं नाही ही अट आहे. ती पाळा. मागे कुणीतरी त्यांचं एक पद उचललं, खाली डीजेचा ठोका घातला आणि स्वतःच्या नावाने फिरवलं. आप्पांना पैशाचं काही वाटलं नाही. पण त्यात देवीचं नाव जिथे येतं तिथेच तुकडा कापला होता, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून वहीचा कागद ते बाहेरच्याच्या हातात देत नाहीत. लिहून घ्यायचं तर समोर बसून, ऐकून लिहायचं. मला तर ते बरंच वाटतं. ऐकून लिहिलेलं पद डोक्यात राहतं.

फी नाही. शेवटच्या रात्री काही द्यावंसं वाटलं तर पाकीट देऊ नका, ते घेत नाहीत. टाळांची एखादी चांगली जोडी, डफाला नवं कातडं, ढोलकीच्या दुरुस्तीचा खर्च, असं काही द्या. आधी जिभाऊंना विचारा, नाहीतर बाजारातली चकचकीत पण सुरात न बसणारी वस्तू गळ्यात मारली जाते.

बैठका संपल्या की मंडळ रथाला अमळनेरला जातं. संत सखाराम महाराजांचा रथ वैशाख शुद्ध एकादशीला निघतो, पालखी पौर्णिमेला, आणि यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. त्या गर्दीत मंडळ गात नाही, दर्शन घेऊन, पाळणे-दुकानं बघून परततं. पण पात्रात ठिकठिकाणी भजनी मंडळी बसलेली असतात. इतक्या रात्री झील धरून झाल्यावर तीच भजनं ऐकताना पुढच्यापेक्षा मागच्यांकडे कान जातो. कोण वेळेवर उचलतंय, कोण ओढतंय, सगळं ऐकू यायला लागतं. मी एका दिंडीजवळ कितीतरी वेळ केवळ तेवढ्यासाठी उभी राहिले.

नुसतं ऐकायचं असणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात आणखी जागा आहेत. धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला, आणि त्याच सुमाराला सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले आपल्याकडचे जत्थे. त्यांच्यात हलगीवाला असेल तर बरोबर चाला, आता बहुतेकांबरोबर डीजेची गाडी असते. ढोलाचं वेड असेल तर त्याआधी, होळीला, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला जावं. रात्रभर मोठे ढोल आणि कमरेला घुंगरं बांधलेले बावा-बुध्या (व्रत धरलेले नाचणारे). पण तो आदिवासी बांधवांचा व्रताचा सण आहे. बाजूला उभं राहून पाहा, मध्ये शिरू नका, कॅमेरा तोंडासमोर नेऊ नका.

मला यात्रा आवडतात, पण तिथे मी प्रेक्षक असते. पारावर माझा सूर कमी पडला तर ढोलकीला ते कळतं. माझ्यासाठी ही जागा पाचपैकी पाच आहे, बायकांच्या रांगेचा प्रश्न सुटेपर्यंत साडेचार म्हणा.

२०२६ साली आखाजी १९ एप्रिलला आहे आणि मोहिनी एकादशी, म्हणजे रथाचा दिवस, २७ एप्रिलला, म्हणजे २०२५ पेक्षा चांगली दहा-अकरा दिवस लवकर. शिवाय त्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतोय. आखाजी आणि श्रावणातली कानबाई यांच्या मध्ये एक अख्खा महिना जास्त मिळेल, आणि त्यात आठवड्यातून एकदा बैठक घेऊ असं आप्पा म्हणालेत. ज्यांना त्या वर्षीच्या कानबाईला खरंच झील धरायची आहे, त्यांनी आखाजीच्या दुसऱ्या रात्री पारावर हजर राहावं. आधी फोन करायची गरज नाही. येताना बॅटरी, पाण्याची बाटली आणि कोरी वही आणा.